मोठी लक्झरी सेडान घ्यायची आहे? आधी मागे बसा

भाऊ, अशी गाडी घेणारा बरेचदा मागेच बसते, म्हणून टेस्ट ड्राइव्हला आधी मागच्या सीटवर बसा, पाय पसरून पाहा, आईबाबांनाही बसवा. मर्सिडीजची ई-क्लास अन् बीएमडब्ल्यूची ५ सिरीज आपल्याकडे लाँग व्हीलबेसमध्ये (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढवून) येतात ते यासाठीच, दोन्हींचा व्हीलबेस ३ मीटरच्या वर आहे.

मग एसी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकते, तर ट्रायल दुपारी २ लाच मागा, गाडी आधी उन्हात उभी ठेवायला लावा अन् मागे थंडावा किती वेळात पोचते ते घड्याळ लावून बघा, व्हेंटिलेटेड सीट (आतून हवा खेळवणारी) इथं चैन नाही, गरजच आहे.

समृद्धी महामार्गावर १२० च्या स्पीडला हळू आवाजात बोलता आलं पाहिजे. अन् चौघं बसवून स्पीड ब्रेकरवर खाली घासते का, तेही पाहा.