पुण्याभोवती ग्रॅव्हल सायकल चालवताय? या चुका टाळा

नवी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांवरही चालणारी रुंद टायरची सायकल, घेतली की पहिल्या रविवारचा रस्ता बहुतेक जण किलोमीटर बघून ठरवतात. डांबरावर 60 किलोमीटर सहज होतात, मग मातीवर 40 व्हायला काय हरकत आहे, असा हिशेब असतो. गणित तिथेच चुकतं. आपल्याकडे वाट सोपी की अवघड, हे अंतरापेक्षा खालच्या मातीवर ठरतं. मुरमाड वाटेवरचे 40 किलोमीटर नवख्यालाही झेपतात. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीतला एक किलोमीटर मात्र भल्याभल्यांना सायकल खांद्यावर घ्यायला लावतो.

ऋतू न बघता दिशा ठरवणं

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्री आहे आणि पूर्वेला पर्जन्यछाया. ताम्हिणीत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. सासवड-जेजुरीकडे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. तरीही जुलै आला की सगळ्यांची चाकं मुळशीकडेच वळतात. हिरवाई बघायला डांबरी रस्त्याने जरूर जा. पण त्या दिवसांत तिकडच्या कच्च्या वाटा भातखाचरांच्या पाण्याखाली असतात, दगडांवर शेवाळ धरलेलं असतं आणि ओढ्याने कुठली वाट कधी खाल्ली, हे गावातल्यांनाही त्या दिवशीच कळतं. माझं स्पष्ट मत आहे: पावसाळ्यात मातीवर जायचं तर पूर्वेला जा आणि पश्चिमेचा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा.

पूर्वेलाही माती ओळखावी लागते. माळावरचा मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. त्यातून पाणी झिरपून जातं आणि जोरदार सर आली तरी काही तासांत वाट चालवण्याजोगी होते. नदी-ओढ्याकाठची काळी माती पाणी धरून फुगते. तिला दोन-तीन कोरडे दिवस द्यावेच लागतात. नकाशावर वाट ओढ्याला समांतर जाताना दिसली की पावसाळ्यात ती टाळलेली बरी.

वाऱ्याचाही विचार करा. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून असतो. पूर्वेला यवतकडे जाताना तो पाठीशी असल्यामुळे अंगात बळ आल्यासारखं वाटतं, आणि तोच वारा परतताना छातीवर घ्यावा लागतो. निम्मी ताकद संपल्यावर मागे वळणं उशिराचं ठरतं.

आपली पातळी न ओळखणं

नवख्यांनी कालव्याकाठच्या रस्त्यापासून सुरुवात करावी. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत करत इंदापूरकडे जातो. कालव्याला उतार अगदी नाममात्र द्यावा लागतो, म्हणून काठची वाटही जवळपास सपाट असते. शहरातला भाग सोडा, उरुळीच्या पुढे शिवारातून चालवा. इथे चूक होते ती पाण्याच्या बाजूने चालवण्याची. काठ आतून पोखरलेला असू शकतो आणि अस्तर केलेल्या कालव्यात पडलं तर गुळगुळीत उतारावरून वर येणं कठीण. शेताच्या बाजूने चालवा. मध्येच वाट बंद दिसली तर हट्ट न करता गावच्या रस्त्याला लागा.

थोडा सराव झाला की पुरंदर. कोंढव्याहून बापदेव घाट चढून भिवरी, बोपगाव, गराडे हा पट्टा, किंवा यवतहून भुलेश्वराचं देऊळ. अंजीर-सीताफळाच्या बागा, मुरमाड गाडीवाटा आणि एकामागून एक येणारे छोटे चढ-उतार. घाट चढला म्हणजे चढ संपला असं समजून लोक पठारावर जोर लावतात आणि हे छोटे चढच पाय मोडतात. घाटात थोडी ताकद मागे ठेवा. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते, त्या दिवसांत पुरंदरचा बेत आखूच नका. तो रस्ता वारकऱ्यांचा असतो.

पवना, मुळशी, पानशेतच्या जलाशयांकाठचे रस्ते अनुभवी लोकांसाठी. डांबर मध्येच संपतं, चढ उभे आहेत, मोबाइलची रेंज जाते. समोरच्या काठावरचं गाव दोन हाकांवर दिसतं, पण रस्त्याने जायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा. त्यामुळे मधून घरी यायला जवळची वाट नसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि परतीची वेळ घरी सांगून निघा.

टायर दगडासारखे फुगवणं

रोड बाईकवरून, म्हणजे डांबरावरच्या अरुंद टायरच्या सायकलवरून, आलेल्यांची ही हमखास चूक. 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरून मुरमावर गेलात की चाक उड्या मारतं, पकड सुटते आणि हातांना मुंग्या येतात. 40 मिलिमीटरचा टायर आणि साधारण 70 किलोचा माणूस असेल तर ट्यूबलेसला 30 ते 35 पीएसआय पुरते; पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीन कमी. आत ट्यूब असेल तर 40 च्या आसपास ठेवा. त्याहून कमी ठेवली तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन बारीक छेद दिसले तर काटा शोधू नका, हवा कमी होती. टायर अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही. गेजचा पंप घ्या.

पंक्चर काढण्याची घाई

वेडी बाभूळ आणि सराटे हे पूर्वेकडच्या वाटांचे कायमचे रहिवासी. ट्यूबलेसमध्ये काटा घुसला तर लगेच उपटू नका. हवा जात नसेल तर तसाच घरी आणा. जात असेल तर काटा काढून छिद्र खाली येईल असं चाक धरा, म्हणजे टायरमधलं सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) तिथे जमतं. मग चाक फिरवा. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं. दोन-तीन महिन्यांनी टायर उघडून आत ओलं आहे का ते बघा.

ट्यूब बदलणाऱ्यांचं दुसरं पंक्चर पहिल्याच काट्यामुळे होतं. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो आणि टोक रबरातच राहतं, नजरेला दिसत नाही. जुना कापडी रुमाल टायरच्या आतून सावकाश फिरवा. टोक असेल तिथे धागा अडकतो. ते टोक बाहेरून ढकलून चिमट्याने ओढा आणि मगच नवी ट्यूब बसवा.

चिखलात जोर लावणं

काळा चिखल टायरवर थरावर थर चढत जातो, मग पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये आणि मागे चेनजवळ ठासून बसतो. चाक जड झालं की माणूस पॅडलवर उभा राहतो आणि कट्कन आवाज येतो: डिरेलरचा (गियर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो भाग फ्रेमला जोडणारी पट्टी, गेला. चाक अडखळलं की लगेच उतरा, सायकल बांधावरच्या गवतावर घ्या, काडीने चिखल खरवडा. सायकल उचलून नेणं यात काहीच कमीपणा नाही. आपल्या सायकलचा जादा हँगर पिशवीत ठेवा, तो गावात मिळणार नाही. घरी आल्यावर प्रेशरच्या पाण्याने बेअरिंगवर मारा करू नका. चिखल वाळू द्या, ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा.

वाट विचारताना आणि कळप आडवा आल्यावर

पाणंद रस्ता नकाशावर पुढच्या गावापर्यंत गेलेला दिसतो आणि प्रत्यक्षात कुणाच्या तरी गोठ्यात संपतो. "दादा, वाट पुढे निघते का?" असं विचारलं की उत्तर येतं, "निघते की!" त्यांच्या डोळ्यांसमोर पायवाट असते. "ट्रॅक्टर जातो का?" असं विचारा. ट्रॅक्टर जात असेल तर तुम्हीही जाल. उभ्या पिकातून, बांध तुडवत जाऊ नका. फाटक बंद होतं तर जाताना बंद करूनच जा.

दिवाळीनंतर माळांवर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह मुक्कामाचे तळ, उतरलेले असतात. मेंढरांमधून घंटी वाजवत सायकल काढणं ही मोठी चूक. मेंढरं बिथरतात आणि राखणीची कुत्री धावून येतात. उतारावर जोरात सुटलात तर ती आणखी पाठ घेतात. लांबूनच थांबा, उतरा, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि मेंढपाळाला हाक मारा. त्याच्या एका शिट्टीवर कुत्री मागे फिरतात. कळप ओलांडेपर्यंत पायीच चला.