पिल्लं ब्रूडरमधून खुराड्यात हलवताना: थंडीच्या आधी अंधाराची तयारी करा

"सहा आठवडे झाले की सोडा बाहेर." कोंबडीची पिल्लं ब्रूडरमधून, म्हणजे सुरुवातीला ऊब देणाऱ्या पेटीतून, खुराड्यात कधी हलवायची हे कुणालाही विचारा, एवढंच सांगून लोक मोकळे होतात. चूक नाही, पण अर्धवट आहे. सहा आठवड्यांची दोन पिल्लं शेजारी धरली तर एक पिसांनी भरलेलं असतं आणि दुसऱ्याच्या पोटावर अजून लव असते. पंख आणि शेपटी आधी भरतात, त्यामुळे वरून बघितलं की सगळं झाकल्यासारखं वाटतं. पिल्लू हातात घ्या, उलटं करा, पोटाखाली आणि पंखाच्या आत बोट फिरवा. तिथे मऊ लव लागली किंवा उघडी कातडी दिसली, तर थांबा. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवतात त्या जातीत हे जास्त बघावं लागतं, कारण अंग भराभर वाढतं आणि पिसं मागे राहतात.

ब्रूडरमधल्या तापमानाचं गणित तुम्हाला माहीत असेलच: पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी खाली. 21 अंशांच्या आसपास, उष्णता न देता पिल्लं पसरून निवांत बसत असली की बाहेरचा विचार करा. हवा बघताना दुपारची बघू नका, पहाटेची बघा. पूर्ण पिसं आलेली पिल्लं थोडीफार थंडी आरामात काढतात, त्याची फार धास्ती घेऊ नका.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझी पिल्लं खुराड्यातल्या पहिल्याच रात्री गेली, आणि त्या रात्री चांगलं उकडत होतं. तरी बघायला आलेला प्रत्येक जण "गारठ्याने गेली" म्हणत होता. कोपऱ्यात सगळी एका जागी, खालची चपटी झालेली, पिसं ओली, गळ्याची थैली दाण्याने भरलेली. म्हणजे ती आजारी नव्हती, उपाशी नव्हती, गारठलेलीही नव्हती. एकमेकांखाली गुदमरली होती.

कारण असं. ब्रूडरमध्ये आपण पांढरा बल्ब चोवीस तास लावून ठेवतो. उष्णतेसाठी लावतो, पण त्याबरोबर उजेडही चोवीस तास मिळतो. त्या पिल्लाने जन्मल्यापासून रात्र बघितलेलीच नसते. मग एके दिवशी आपण त्याला खुराड्यात ठेवतो, दार लावतो आणि निघून येतो. नवी जागा, नवे वास, बाहेरचे आवाज, आणि वर ठार काळोख. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. घाबरलेलं पिल्लू दुसऱ्या पिल्लाच्या आवाजाकडे धावतं, ते तिसऱ्याकडे, आणि सगळी मिळून कोपऱ्यात अडकतात. भिंतीमुळे पुढे जाता येत नाही, मागचं पिल्लू पुढच्याच्या पाठीवर चढतं. वरची सुटतात, खालची जातात. आवाजही फार होत नाही, त्यामुळे घरात झोपलेल्याला पत्ता लागत नाही.

थंडी असली की हे आणखी वाढतं, कारण उबेसाठीही ती एकत्र येतातच. पण हवा छान असेल तर धोका नाही, असं समजू नका.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे "खुराड्यातही बल्ब लावून ठेवा." मला हा उपाय अजिबात पटत नाही. वीज गेली की तोच काळोख, तोही एका क्षणात, आणि तुम्ही तिथे नसताना. शिवाय कोरड्या तुसावर किंवा भुशावर लोंबकळणारा गरम बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण. पिल्लं फडफडतात, उड्या मारतात, वायर ओढली जाते. अंधार शिकवायचा तो ब्रूडरमध्येच.

चौथ्या आठवड्यापासून सुरुवात करा. संध्याकाळी खोलीतला उजेड मावळत असताना बल्ब थोडा वेळ बंद ठेवा, म्हणजे काळोख हळूहळू होतो. खटकन बटण बंद करू नका. पहिल्या दिवशी पिल्लं कर्कश ओरडतील. ओरडू द्या, पण जवळ बसा. थोड्या वेळाने तोच आवाज बारीक, थरथरता, गुरगुरल्यासारखा होतो; तो आला की पिल्लं टेकली असं समजा. मग रोज वेळ वाढवत न्या. उष्णता अजून लागत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर किंवा तापणारी पाटी वापरा. पूर्ण रात्र अंधारात शांत काढायला लागली, की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम खुराड्यातल्या पहिल्या काही रात्रींचं. हलवायचं ते सकाळी, म्हणजे पिल्लांना दिवसभर जागा बघता येते. पाण्याचं आणि खाद्याचं भांडं जुनंच न्या. कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा. ब्रूडरमध्ये पहिल्या दिवसांत आपण गोल कडं करतो ते याच कारणासाठी, आणि इथे नेमकं तेच विसरलं जातं. खुराडं मोठं असेल तर पहिले काही दिवस अर्धाच भाग द्या. एखादी दांडी वीतभर उंचीवर ठेवा. चढली तर चढली, जबरदस्ती नको. दिवेलागणीला स्वतः तिथे थांबा. गठ्ठा होताना दिसला की हाताने उचलून पिल्लं वेगळी करा, पसरवा. पुन्हा जमतील, पुन्हा पसरवा. कंटाळवाणं आहे, मान्य. तासा-दोन तासांनी टॉर्च घेऊन आणखी एक फेरी मारा. पसरून किंवा दांडीवर झोपायला लागेपर्यंत ही फेरी चुकवायची नाही.

एक सांगून ठेवते: सल्ला घ्यायचाच तर जो माणूस तुमच्या खुराड्याशी संध्याकाळी यायला तयार आहे, त्याचा घ्या. दुपारी येऊन "झकास आहे सगळं" म्हणणारे पुष्कळ भेटतात. दुपारी सगळंच झकास असतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात, कारण त्या बहुतेकांना माहीत असतात. षटकोनी छिद्रांची जाळी कोंबडी आत ठेवते, घूस किंवा मुंगूस बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावा आणि खाली जमिनीत किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरवा. हवा वरून खेळती हवी, पिल्लांच्या अंगावर झोत नको. पहिले काही दिवस पिल्लं खुराड्यातच कोंडून ठेवा, मग मोकळी सोडताना अंधार पडायच्या तासभर आधी सोडा, म्हणजे ती लांब जात नाहीत आणि आपणहून परततात. मोठ्या कोंबड्या असतील तर आधी काही दिवस मधे जाळी ठेवा. त्यांचं लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, पिल्लांच्या तोंडी लागू देऊ नका, त्यातलं जादा कॅल्शियम कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

रक्ती हगवणीवर मात्र दोन ओळी जास्त. ही हगवण ज्यांच्यामुळे होते ते कॉक्सीचे (कॉक्सीडिओसिसचे) जंतू विष्ठेतून पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं त्याला सगळ्यात सहज बळी पडतात, म्हणजे नेमकं हलवायचंच वय. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी रोज काढून टाका, भांडं पाठीच्या उंचीला घ्या. पंख पाडून, मान आत ओढून बसलेलं पिल्लू किंवा विष्ठेत रक्त दिसलं तर वाट बघू नका. अँप्रोलियम हे औषध वेळेत पाण्यातून दिलं तर बहुतेक कळप सावरतो; मात्रा पशुवैद्यकाकडूनच विचारून घ्या.

आणि ब्रूडर लगेच मोडू नका. सलग पाऊस लागला, पारा एकदम घसरला, तर पिल्लं सरळ आत घ्या. दोन पावलं मागे आलात म्हणून पिल्लं काही बिघडत नाहीत. एखादंच अशक्त असेल तर त्याला एकटं आणू नका, सोबत एक धडधाकट पिल्लूही आणा. एकटं ठेवलेलं पिल्लू ओरडून ओरडून खाणं सोडतं, आणि परत नेलं की बाकीची त्याला परकं समजून टोचतात.