बांध भरण्याआधी रोव्हरला 'फिक्स' येऊ द्या

आपल्याकडे पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास लागतो. त्याच्या आगेमागे अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असतंच. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती आली की खाडीचं पाणी बांधाची सगळ्यात खोलगट जागा बरोबर शोधून काढतं. म्हणून ठाणे खाडीकाठच्या, दिव्याकडच्या आणि भिवंडीतल्या खारबाव पट्ट्यातल्या भातवाल्यांना सांगणं आहे. गटाने किंवा औजार बँकेने आरटीके रोव्हर (उपग्रहांवरून जागा आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजणारं, काठीवर लावायचं यंत्र) घेतला असेल आणि तो अजून खोक्यातच असेल, तर याच आठवड्यात बाहेर काढा. मात्र पडद्यावर 'फिक्स', म्हणजे हिशेब पक्का जुळल्याची खूण, आल्याशिवाय आणि पक्क्या खुणेवर तपासल्याशिवाय एकही खुंटी ठोकू नका.

हे नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका गटाने यंत्र आणलं आणि त्याच दुपारी बांधाच्या माथ्याच्या खुंट्या मारल्या. पडद्यावर 'फ्लोट' होतं. आकडे मात्र दशांशानंतर तीन घरांपर्यंत दिसत होते, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. मधला पंचवीस-तीस पावलांचा तुकडा वीतभर खाली राहिला. पहिल्या मोठ्या उधाणाला तिथूनच पाणी चढलं, खांड (बांधाला भगदाड) पडली आणि रोप जागच्या जागी करपलं. पुढच्या वर्षीही त्या खाचरांत दाणा भरला नाही, कारण जमिनीत मुरलेलं मीठ एका पावसात धुऊन जात नाही.

नुसत्या उपग्रहांवर चालणारं यंत्र काही मीटर चुकतं, आणि उंचीत त्याहून जास्त. रोव्हरला मोबाइल डेटावरून जमिनीवरच्या कायम स्टेशनांच्या सुधारणा मिळतात, तेव्हा ती चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. उंचीत थोडी जास्त धरा. पण हे फक्त 'फिक्स'मध्ये. 'फ्लोट' म्हणजे यंत्र अजून हिशेब जुळवतंय. तेव्हाची चूक वीतभर असेल, हातभर असेल, सांगता येत नाही.

कारखान्यातून आलेल्या यंत्राकडे उपग्रहांची माहिती जुनी असते. प्रत्येक जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, पण सगळ्या उपग्रहांचं पूर्ण पंचांग उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून पहिल्या दिवशी यंत्र उघड्या माळावर किंवा बांधावर वीस मिनिटं नुसतं उभं ठेवा. ओटीवर नको, पत्र्याच्या शेडजवळ नको, आंब्याखाली नको, टॉवर लाइनच्या तारांखाली तर नकोच. नवी मुंबईच्या कडेला उंच इमारती असतील तर त्यांच्यापासूनही लांब जा, कारण भिंतीवरून परतलेला सिग्नल यंत्राला फसवतो.

बाकी मांडणी अशी:

- बॅटरी पूर्ण चार्ज करा.
- रेडिओ अँटेना असेल तर आधी ती जोडा, मगच यंत्र चालू करा.
- सिममध्ये डेटा आहे ना बघा, एपीएन (मोबाइल कंपनीची इंटरनेट सेटिंग) भरा.
- एनट्रिपमध्ये (इंटरनेटवरून सुधारणा आणणारी सोय) सर्व्हर, पोर्ट (बहुधा २१०१), नाव, पासवर्ड, माउंटपॉइंट (कोणत्या सुधारणा घ्यायच्या त्याचं नाव) भरा.
- आभासी स्टेशन असेल तर जीजीए (यंत्राची स्वतःची जागा) पाठवणं चालू ठेवा.
- सुधारणा आरटीसीएम ३ या साच्यात घ्या.
- नकाशाची पद्धत: डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम विभाग ४३ उत्तर.
- क्षितिजापासून १० ते १५ अंशांखालचे उपग्रह वगळा.
- काठीची खरी उंची भरा, दोन मीटर असेल तर २.०००.

उंचीचा आकडा बघून घाबरू नका. खाडीकाठी तो उणे साठच्याही खाली दिसेल. यंत्र उंची पृथ्वीच्या गणिती गोलावरून मोजतं आणि आपल्या भागात समुद्राची पातळी त्या गोलाच्या बरीच खाली आहे. बांधाला फक्त फरक लागतो.

आता तपासणी. यात कुणी घाई करू नये. उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेच्या) सिमेंटवर रंगाने एक फुली काढा. 'फिक्स' आल्यावर तिथे काठी धरा, बुडबुडा मधे आणा, उंची लिहून घ्या. यंत्र बंद करा, पंधरा मिनिटांनी पुन्हा लावा, त्याच फुलीवर परत घ्या. दोन्ही आकडे पाच सेंटिमीटरच्या आत असतील तरच पुढे जा. शेवटची खुंटी झाली की पुन्हा फुलीवर या. मध्ये सुधारणेचं वय, म्हणजे शेवटची सुधारणा येऊन झालेला वेळ, दहा सेकंदांच्या वर गेलं तर थांबा, नेटवर्क येऊ द्या. शेजारच्या दोन खुंट्या पाण्याच्या पारदर्शक नळीने ताडून बघा. ही नळी थोडक्या पैशांत येते आणि खोटं बोलत नाही.

माझा अनुभव असा की सकाळी सहा ते नऊ 'फिक्स' लवकर येतो आणि टिकतो. दुपारी दोनच्या सुमाराला तो सारखा सुटतो. वरच्या वातावरणातला थर तेव्हा जास्त ढवळलेला असतो, असं मी धरून चालतो.

विक्रेता काठी तिरकी धरली तरी चालणारं महाग मॉडेल दाखवेल, सुधारणांची वर्षाची वर्गणी स्वतःच्या खात्यावर लावून देईल, त्यावर ड्रोनही सुचवेल. बांधाला यातलं काही लागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स, म्हणजे सुधारणा पाठवणाऱ्या कायम स्टेशनांचं, जाळं महाराष्ट्रात आहे. त्यावर नोंदणी गटाच्या नावाने करा, पासवर्ड गटाकडे ठेवा. विक्रेत्याने दुकानाच्या गच्चीवर दाखवलेला 'फिक्स' तुमच्या खाचरात येईलच असं नाही, म्हणून पैसे देण्याआधी यंत्र आपल्या बांधावर लावून बघा. आणि शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर मोजणी भूमी अभिलेख खात्याचीच. तिथे हा रोव्हर काढू नका.

भाताची इतर कामं:

- खाऱ्या खाचरांसाठी पनवेल १, २ किंवा ३ हे वाण.
- बियाणं ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटरला ३०० ग्रॅम. तरंगलेलं काढून टाका, उरलेलं धुऊन सुकवा.
- अ‍ॅझोस्पिरिलम (जिवाणू खत) किलोभर बियाण्याला २५ ग्रॅम.
- खत हेक्टरी १०० : ५० : ५० किलो (नत्र : स्फुरद : पालाश), नत्र तीन हप्त्यांत.
- उघाडीची झडप, साखळी तपासा.

खांड आधीच पडली असेल तर पहिले दोन-तीन चांगले पाऊस खाचरात भरून ओहोटीला उघाडीतून सोडा. पाणी जिभेला मचूळ लागतंय तोवर लावणी करू नका. भरतीचं वेळापत्रक आजच बघा. पहिल्या उधाणाआधी किती सकाळी मिळतात ते मोजा आणि सगळ्यात खोलगट तुकड्यापासून सुरुवात करा.