आजीचं गाणं टिपून ठेवताना

'आजी, तुझ्या लहानपणी तू काय ऐकायचीस?' असं विचारलं की उत्तर दोन वाक्यांत संपतं: रेडिओ होता, भजनं होती, बाकी काय. आठवण चालीला चिकटलेली असते. म्हणून आधी गाऊन घ्यायचं आणि कुठं शिकलीस, कोण होतं, हे मागाहून विचारायचं.

आधी जन्मसालावरून हिशेब मांडा. साधारण दहा ते पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी सगळ्यांत पक्की राहतात. १९४० चा जन्म असेल तर १९५० ते १९६५ हा काळ धरा. रेडिओ सिलोनवरचा सिनेगीतांचा कार्यक्रम बिनाका गीतमाला १९५२ मध्ये सुरू झाला आणि आकाशवाणीची विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला. गीतमाला बुधवारी रात्री आठला लागायची, म्हणजे आजी 'बुधवारी रात्री आठला' म्हणाली की काळ बराचसा कळला. साल थेट विचारू नका, 'लग्नाआधी की नंतर?' विचारा. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत आणखी खुणा मिळतात: ढोलीबुवांच्या मठातलं कीर्तन, थंडीतला शास्त्रीय संगीताचा तानसेन समारोह, गणपतीतल्या आरत्या, भोंडल्याचे फेर.

रेकॉर्डिंगला फरशीचा रिकामा हॉल नको, आवाज घुमतो. गाद्या-गोधड्या असलेली खोली घ्या. पंखा, फ्रिज, कुकर बंद. फोन एअरप्लेन मोडवर टाकून टेबलावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर टेबलाला लागलेला प्रत्येक हात आवाजात येतो. फोनचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो, ती कड आजीकडे करा. अंतर दोन वीत, तोंडासमोर नव्हे तर थोडं बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' उच्चारताना फुंकर बसत नाही. ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा फाइलचा प्रकार), ४८ किलोहर्ट्झ, मोनो निवडा, १६ बिटला तासाला साधारण ३५० एमबी लागतात. व्हॉइस नोटवर मात्र कधीच रेकॉर्ड करू नका. त्यातली आवाज स्वच्छ करणारी यंत्रणा बोलण्यासाठी बनवलेली असते, तिला तानपुऱ्याचा स्थिर सूर पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो. ती तो कापते आणि लांबवलेला स्वर मध्येच बुडतो. सुरुवातीला दहा सेकंद कुणीच बोलू नका; पुढं ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादन ॲपमध्ये खरखर कमी करताना ही शांतता नमुना म्हणून लागते.

वेळ सकाळची, चहानंतर अर्ध्या तासानं. जेवणानंतर दम पुरत नाही. कवळी असेल तर ती घालूनच गाऊ द्या, नाहीतर 'स' आणि 'श' विरघळतात. चाळीस मिनिटं झाली की थांबा.

पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा, हे तुम्ही ठरवू नका. वयाबरोबर बायकांचा आवाज बराच खाली येतो. तरुणपणी काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला) गाणारी आजी आता तिथं दमते, आणि जुन्या पट्टीत सूर दिला की 'आता नाही जमत' म्हणून गप्प होते. तिला आधी नुसतं गुणगुणू द्या, तिचा सा पेटीवर शोधा आणि मगच तानपुरा लावा, तोही तिच्या मागच्या बाजूला, हळू आवाजात.

ओळ अडली तर शब्द सुचवू नका. तुमचे शब्द छापील पुस्तकातले असतील आणि तिचे तिच्या आळीतले; एकदा सुचवले की तिचे परत मिळत नाहीत. त्याऐवजी मागच्या ओळीपासून पुन्हा म्हणायला सांगा किंवा हातानं ताल धरा. ओव्यांसाठी जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात फिरवू द्या, भोंडल्याच्या गाण्याला उभं राहवत असेल तर दोन पावलं फेर धरा. अंगाला चाल आठवली की शब्द मागोमाग येतात. 'वा!' पण गाणं संपल्यावर.

आता वही. आजी किंवा आजोबा गाणं शिकले असतील तर घरात स्वरलिपीची (स्वर आणि ताल कागदावर लिहायच्या खुणांची) वही असू शकते, आणि सगळ्यांत जास्त चुका इथं होतात. ग्वाल्हेरचं माधव संगीत विद्यालय १९१८ मध्ये संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांच्या पुढाकारानं सुरू झालं, त्यामुळं भातखंडे लिपी इथं ओळखीची. पण विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतून शिकलेल्यांची वही पलुस्कर लिपीत असते. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावरचा टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, पलुस्कर लिपीत तोच टिंब म्हणजे मंद्र (खालचं). लिपी चुकली की वरचे स्वर खाली आणि खालचे वर जातात. कोमल (उतरवलेले) स्वर पाहून ओळखा: खाली आडवी रेघ असेल तर भातखंडे, हलन्तासारखी तिरपी खूण असेल तर पलुस्कर. तालही तपासा. भातखंड्यांत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि खालीला (टाळी नसलेल्या जागेला) ०, पलुस्करांत समेला १ आणि खालीला +; आणि पलुस्करांत स्वराखालचं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. मग आजोबांना विचारा, 'तुम्ही ही ओळ जरा म्हणून दाखवाल का?' कागद आणि गळा जुळत नसतील तर दोन्ही ठेवा, दुरुस्त करू नका.

वहीचे फोटो खिडकीजवळ, फ्लॅश न मारता, कोरी पानंसुद्धा ओळीनं. फाइलच्या नावात तारीख, गाण्याची पहिली ओळ आणि पट्टी घाला. प्रती तीन: फोन, पेन ड्राइव्ह आणि दुसऱ्या घरातली हार्ड डिस्क.

आठ दिवसांनी ते रेकॉर्डिंग आजीला ऐकवा. फोनच्या बारीक स्पीकरवर नको, समोर कानाच्या उंचीवर ठेवलेल्या मोठ्या स्पीकरवर. श्रवणयंत्रातून सूर हलल्यासारखा वाटत असेल तर ते काढून आवाज वाढवा. आणि ऐकवताना दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, कारण राहिलेला अंतरा बऱ्याचदा तेव्हाच तिच्या तोंडी येतो.