मुलांच्या शिक्षणासाठी वर्गणी काढताय? मग सुरुवात क्यूआर कोडपासून करू नका

आसपासच्या काही मुलांचं शिक्षण पैशापायी अडलंय, आपण चारचौघं मिळून काहीतरी करूया असं ठरलं की बहुतेक ठिकाणी एकच होतं, ग्रुप तयार होतो, त्यावर क्यूआर कोड पडतो आणि खाली लिहिलेलं असतं "यथाशक्ती मदत करावी". दोन-चार दिवस पैसे येतात, मग ग्रुप गप्प. लोकांना द्यायचं नसतं असं अजिबात नाही, लोक मनापासून देतात, पण कोणासाठी, कशासाठी, एकूण लागणारेत किती आणि हिशोब कोण ठेवणार हे कळलं नाही की हात आखडतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. या कामात मी बरीच वर्षं आहे आणि माझं मत पक्कं झालंय की पैसे मागायच्या आधीचं कामच जास्त महत्त्वाचं, ते नीट झालं तर मागणं सोपं जातं.

तर पहिलं काम, नक्की अडलंय कुठे ते शोधा. "फी भरायला पैसे नाहीत" हे उत्तर लगेच येतं आणि कधी कधी खरंही असतं, पण फी माफ असूनही पोरगी शाळेत येत नाही असंही असतं, कारण येण्याजाण्याचा खर्च झेपत नाही, किंवा परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळीच घरात पैसे नसतात, किंवा धाकट्या भावाला सांभाळायला घरी दुसरं कोणी नसतं, किंवा फळ्यावरचं दिसतच नाही आणि हे कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं. शिक्षकांना विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका, आईवडिलांशी बोला आणि मुलांशी वेगळं बोला, तिघांची उत्तरं वेगवेगळी येतात.

हे एवढं लावून का धरतोय ते सांगतो. केनियातल्या ग्रामीण शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं दिली गेली, त्याचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला, आणि त्यात असं दिसलं की सरासरी मार्क काही वाढलेच नाहीत, फायदा झाला तो आधीपासून पुढे असलेल्या मुलांना. कारण पुस्तकं इंग्रजीत आणि इंग्रजी ही तिथल्या बऱ्याच मुलांची तिसरी भाषा, म्हणजे पुस्तक हातात आलं पण वाचता येईना. उलट बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण साधारण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि सगळ्यात जास्त फरक कुठे पडला तर जिथे शाळा घरापासून लांब होती तिथे. चीनच्या गान्सू प्रांतात नजर कमी असलेल्या मुलांना फुकट चष्मे दिले, वर्षभरात त्यांचे मार्क चांगले सुधारले, पण त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, फुकट असूनही साधारण ३० टक्के मुलांनी चष्मा घेतलाच नाही. म्हणजे वस्तू विकत घेतली की काम झालं असं नसतं, घरच्यांना पटवणं हाही कामाचाच भाग आहे आणि त्यासाठी वेळ देणारं माणूस तुमच्याकडे हवं.

गरज कळली की आकडा काढा, आणि तो एका मुलाचा, पूर्ण वर्षाचा काढा. फी, प्रवास, वह्यापुस्तकं, परीक्षा, गणवेश, बूट, इंटरनेट, आजारपणासाठी थोडे बाजूला, सगळं धरून. मग त्याला शिक्षणाची किती वर्षं राहिलीत त्याने गुणा. इथे बरेच जण घाबरतात कारण आकडा मोठा दिसतो, पण तो आत्ता दिसलेलाच बरा. वीस मुलांना एक वर्ष मदत करून दुसऱ्या वर्षी हात वर करण्यापेक्षा चार मुलांना शेवटपर्यंत नेलेलं केव्हाही चांगलं असं मी ठामपणे म्हणेन, कारण मधेच मदत थांबली तर त्या मुलाने तोवर सोडलेलं काम, घेतलेला प्रवेश, घरच्यांशी घातलेला वाद, सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर येतं.

आता पैसे कोणाच्या हातात. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात नकोत, माणूस कितीही विश्वासाचा असला तरी नकोत, उलट विश्वासाचा आहे म्हणूनच त्याला त्या संशयात टाकू नका. वेगळं खातं, पैसे काढायला दोघांची सही, आणि हिशोब लिहिणारा तिसरा. नोंदणी, पावत्या, करसवलत यांचे नियम तुमच्याकडे काय आहेत ते एखाद्या हिशोबनिसाला आधीच विचारून घ्या. एवढा सगळा पसारा नको असेल तर आधीपासून नोंदणी असलेल्या आणि हिशोब उघडा ठेवणाऱ्या संस्थेच्या खात्यातून काम करा, त्यात कमीपणा काही नाही. ऑनलाइन वर्गणीच्या साइट वापरणार असाल तर त्या किती टक्के कापून घेतात आणि पैसे किती दिवसांनी हातात देतात हे आधी बघा, फीची शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात आणि पैसे महिन्याने, असं व्हायला नको.

मागायला सुरुवात कुठून करायची? आपल्यापासून. जाहीर आवाहन करायच्या आधी जवळच्या मंडळींकडून निम्मे, निदान एक तृतीयांश तरी जमवा आणि मग बाकीच्यांकडे जा. अमेरिकेत सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठासाठी निधी जमवताना लोकांना पत्रं पाठवली, काहींना सांगितलं की १० टक्के रक्कम आधीच जमलीये, काहींना सांगितलं ६७ टक्के जमलीये, तर दुसऱ्या गटाकडून जवळपास सहापट पैसे आले (हा अभ्यास २००२ चा). लोकांना तडीला जाणाऱ्या कामात हात लावायचा असतो. आणि आपल्याकडे तर हे कोणी अभ्यास करून सांगायचीही गरज नव्हती, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मग लोकांकडे मागताना त्या शब्दाला वजन येणारच ना.

ग्रुपवर मेसेज टाकणं म्हणजे मागणं नव्हे. ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी असतो म्हणून तो कोणासाठीच नसतो. फोन करा, शक्य असेल तर घरी जाऊन भेटा, नाहीतर निदान नावाने वेगळा मेसेज पाठवा. मी साधारण असा लिहितो:

"काका, आपल्या वस्तीतल्या चार मुली दहावीनंतर कॉलेजला जाऊ इच्छितात, कॉलेज लांब आहे आणि घरच्यांना बसपास परवडत नाही. चौघींचा दोन वर्षांचा पास आणि परीक्षा फी मिळून एकूण रक्कम खाली दिलीये, त्यातले निम्मे आम्ही सहा जणांनी घातलेत. एका मुलीचा एका वर्षाचा पास तुम्ही उचलाल का? जमणार नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, काही वाटून घेणार नाही. हिशोब दर महिन्याला तुम्हाला येईल."

बघा, यात मुलीचं नाव नाही, फोटो नाही, रडगाणं नाही, पण काय हवंय ते अगदी नेमकं आहे, आणि "नाही" म्हणायची वाट मोकळी ठेवलीये. ही वाट ठेवाच. नाही म्हटलं तरी संबंध बिघडणार नाहीत हे कळलं की माणूस पुढच्या वेळी आपणहून विचारतो.

एखादा मोठी रक्कम देणारा भेटला तर सगळी एकदम घेण्यापेक्षा त्याला विचारा, बाकीच्यांनी जेवढे दिले तेवढेच तुम्ही घालाल का. २००७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ५० हजारांहून जास्त लोकांना पत्रं गेली होती, त्यात अशी जोड आहे म्हटल्यावर पत्रामागे १९ टक्के जास्त पैसे आले. आणि गंमत म्हणजे एकास एक जोड असो की एकास तीन, फरक पडला नाही, म्हणजे देणाऱ्यावर जास्त भार टाकायची गरजच नाही. लहान देणगीदारांना मात्र कधीही कमी लेखू नका. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा जोसेफ पुलित्झरने आपल्या वर्तमानपत्रातून आवाहन केलं, देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापेन म्हणाला, रक्कम कितीही छोटी असो, आणि लाखाहून जास्त लोकांनी मिळून एक लाख डॉलर उभे केले, त्यातले बहुतेक एक डॉलरपेक्षाही कमी देणारे. तुमच्या यादीत सगळी नावं एकाच अक्षरात येऊ द्या, रकमेप्रमाणे लहानमोठी नकोत, आणि ज्याला नाव नकोय त्याचं घालू नका.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. मुलाला उघडं पाडू नका.

एका मुलाची करुण गोष्ट सांगितली की पैसे जास्त येतात हे खरं आहे, नाकारून उपयोग नाही. २००७ च्याच एका दुसऱ्या प्रयोगात मालीमधल्या एका सात वर्षांच्या मुलीची ओळख दाखवल्यावर लोकांनी नुसत्या आकडेवारीपेक्षा दुपटीने जास्त दिलं, आणि तिच्या गोष्टीसोबत आकडेवारी जोडली तर उलट कमी दिलं. म्हणजे मोह होणारच. पण विचार करा, चौदा वर्षांचा मुलगा, त्याचा फोटो वर्गातल्या सगळ्यांच्या आईवडिलांच्या मोबाईलवर, खाली लिहिलंय वडील दारू पितात, आई धुणीभांडी करते. तो उद्या वर्गात कसा बसेल? काही मुलं अशा वेळी मदतच नाकारतात, शाळा बदलतात, आणि आपण म्हणतो बघा कदरच नाही. स्टेजवर बोलावून भला मोठा चेक हातात देऊन फोटो काढणं तर बंदच करा, अगदी मोठ्या देणगीदाराने अट घातली तरी. त्याला सांगा, मुलांची पत्रं देतो, निकाल देतो, शिक्षकांशी बोलणं करून देतो, पण फोटो नाही. यावरून एखादी देणगी गेली तर जाऊ द्या.

मग गोष्ट सांगायचीच नाही का? सांगा की, पण वस्तूची आणि वाटेची सांगा. शाळा सुटल्यावर शेवटची बस किती वाजता असते आणि ती चुकली की किती चालावं लागतं. चार भावंडांमध्ये एक मोबाईल असला की ऑनलाइन फॉर्म कोण कधी भरतं. मुलांची नावं फक्त निवड करणाऱ्या दोघातिघांना माहीत असावीत, देणाऱ्यांना नाही. एखाद्या मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याला स्वतःहून बोलायचं असेल तर जरूर बोलू द्या, पण कधी आणि किती ते त्याचं तो ठरवेल. निवडीचे निकषही आधीच लिहून ठेवा, नाहीतर ओळखीच्यांचीच मुलं यादीत येतात आणि ज्यांची कोणाशी ओळख नाही ती पुन्हा बाहेरच राहतात.

कार्यक्रम, स्पर्धा, विक्री वगैरे करायला हरकत नाही, त्याने माणसं जोडली जातात, पण हॉल, मांडव, छपाई यातच जमलेले निम्मे पैसे जाणार असतील तर करू नका. खर्च तर होणारच थोडाफार, त्यासाठी एखाद्या वेगळ्या देणगीदाराला विचारा की वरचा खर्च तुम्ही उचला. २०१४ च्या एका प्रयोगात "व्यवस्थेचा खर्च दुसऱ्याने आधीच दिलाय, तुमचे सगळे पैसे थेट कामाला जातील" असं सांगितल्यावर साध्या आवाहनापेक्षा साधारण तिप्पट रक्कम जमली होती. अर्थात हे खरं असेल तरच सांगायचं.

पैसे आले की दोन दिवसांत आभाराचा फोन किंवा मेसेज, नावाने. हिशोब दर महिन्याला, काही खर्च झाला नसेल तरी. फार काही लागत नाही, "जून: जमा इतके, दोन बसपास, एक परीक्षा फी, शिल्लक इतके, पावत्या बघायच्या असतील तर सांगा" एवढं पुरतं. आणि वाईट बातमीही त्यातच सांगा, एका मुलीने कॉलेज सोडलं तर सोडलं म्हणून लिहा, कारण शोधतोय म्हणून लिहा. लपवलेलं कधीतरी बाहेर येतंच आणि मग पुढची सगळी आवाहनं त्याखाली दबतात. फी शक्यतो थेट शाळेत भरा पण प्रत्येक पेन्सिलीची पावती घरच्यांकडे मागत बसू नका, तीही शेवटी आपल्यासारखीच माणसं आहेत.

दुसरं वर्ष सगळ्यात अवघड असतं, उत्साह ओसरलेला असतो आणि फी मात्र तेवढीच, बहुतेक वेळा वाढलेलीच. म्हणून पहिल्याच वर्षी काही जणांना दर महिन्याला थोडे थोडे द्यायला तयार करा, असे दहा जण एकदाच मोठी रक्कम देणाऱ्या एकापेक्षा जास्त कामाचे. मार्क कमी पडले म्हणून मदत बंद करायची नाही हेही आधीच ठरवून टाका, एखादा नापास झालाच तर त्याला त्या वर्षी शिकवणीची गरज जास्त असते. आणि कधी ठरल्यापेक्षा जास्त पैसे जमले, किंवा एखादा मुलगा दुसरीकडे निघून गेला, तर उरलेल्या पैशांचं काय करायचं ते आवाहनातच लिहून ठेवा, पुढच्या वर्षासाठी ठेवणार की यादीतल्या पुढच्या मुलाला देणार, म्हणजे तेव्हा भांडत बसावं लागत नाही.