मॉडेल यूएनमध्ये या चुका टाळा: हजेरीपासून मतदानापर्यंत

मॉडेल यूएन म्हणजे मुलांनी देशांचे प्रतिनिधी होऊन चालवलेली संयुक्त राष्ट्रांची नक्कल. तिची तयारी करणारी बहुतेक मुलं सगळा वेळ भाषणावर घालवतात. देशाची भूमिका, आकडेवारी, पहिलं वाक्य. कामकाजाचे नियम मात्र आदल्या रात्री, किंवा थेट समितीत शेजारच्याला विचारून. आणि घोळ होतो तो तिथेच. चांगला अभ्यास केलेली मुलगी दोन दिवस गप्प बसून राहते, कारण नेमकं कधी आणि काय म्हणून प्लॅकार्ड (देशाच्या नावाची पाटी) वर करायचं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे नियम शांत मुलांनाही बोलायची पाळी मिळावी म्हणूनच आहेत.

हजेरीलाच स्वतःचे हात बांधून घेणं

रोल कॉलला दोन उत्तरं चालतात: 'प्रेझेंट' किंवा 'प्रेझेंट अँड व्होटिंग'. दुसरं उत्तर भारदस्त वाटतं म्हणून अनेक जण तेच देतात. पण ते दिलं की अंतिम ठरावावर तटस्थ राहता येत नाही. बाजूने किंवा विरोधात मत द्यावंच लागतं. तुमच्या देशाची भूमिका काठावरची असेल तर 'प्रेझेंट' म्हणा. भारताची खुर्ची मिळालेल्यांनी तर याचा नक्की विचार करावा, कारण तटस्थ राहणं हे भारताने अनेकदा जाणीवपूर्वक वापरलेलं हत्यार आहे.

एक लक्षात ठेवा: तटस्थ राहण्याची सोय फक्त ठराव आणि दुरुस्त्यांवरच्या मतदानात असते. कॉकस (भाषणांच्या यादीबाहेरची चर्चा) घ्यायचा का, चर्चा थांबवायची का, अशा कामकाजाच्या प्रस्तावांवर हो किंवा नाही एवढंच.

मोशन आणि पॉइंट यांत गल्लत

मोशन म्हणजे समितीने काहीतरी करावं असा प्रस्ताव. त्यावर मत घेतलं जातं. पॉइंट म्हणजे तुमची अडचण किंवा शंका. त्यावर मतदान नसतं, चेअर, म्हणजे समितीचे अध्यक्ष, उत्तर देतात. ऐकू येत नाही, एसी फार गार आहे: पॉइंट ऑफ पर्सनल प्रिव्हिलेज. नियम कळला नाही: पॉइंट ऑफ पार्लमेंटरी इन्क्वायरी. हा दुसरा पॉइंट नवख्यांनी बिनधास्त वापरावा. नियम विचारल्याने गुण जात नाहीत.

सगळ्यात जास्त गैरवापर होतो तो पॉइंट ऑफ ऑर्डरचा, म्हणजे हरकतीच्या मुद्द्याचा. समोरच्याने चुकीचा आकडा सांगितला की लगेच प्लॅकार्ड वर. आपल्याकडच्या काही परिषदांत तथ्याच्या चुकीवरही तो चालवून घेतात, पण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ७१ वा नियम स्वच्छ आहे: हरकतीचा मुद्दा कामकाजापुरता, आणि तो मांडताना मूळ विषयावर बोलता येत नाही. आकडा चुकला असेल तर चिठ्ठी पाठवा, किंवा आपल्या पाळीत खोडून काढा. त्याचा परिणाम जास्त होतो आणि समोरच्याचं भाषणही तुटत नाही.

अर्धवट मांडलेला मॉड

मॉडरेटेड कॉकस, म्हणजे मॉड (ठरलेल्या विषयावर चेअरने एकेकाला बोलायला देऊन होणारी चर्चा), मागताना तीन गोष्टी एका दमात सांगायच्या असतात: विषय, एकूण वेळ, प्रत्येक वक्त्याचा वेळ. 'दहा मिनिटं, प्रत्येकी पंचेचाळीस सेकंद' असं म्हटलं तर ६०० ला ४५ ने पूर्ण भाग जात नाही आणि चेअर प्रस्ताव परत करतात. दहा मिनिटं, प्रत्येकी एक मिनिट, दहा वक्ते. विषयही नेमका हवा. 'निर्वासितांचा प्रश्न' असा मॉड मागितला तर जनरल स्पीकर्स लिस्टमधलीच (मुख्य भाषणांच्या यादीतलीच) भाषणं पुन्हा ऐकावी लागतात. 'छावण्यांमधल्या मुलांच्या शाळेचा खर्च कोणी उचलायचा' असं मागा, मग वाद रंगतो.

मतांचं गणित न करणं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण दोन दिवसांची मेहनत इथेच वाया जाते.

सुरक्षा परिषदेत १५ सदस्य असतात आणि ठराव संमत व्हायला बाजूने ९ मतं लागतात. हजर असलेल्यांचं बहुमत नव्हे, मोजून नऊ. बाजूने ८, विरोधात शून्य आणि ७ तटस्थ असतील तरी ठराव पडतो. शिवाय पाच स्थायी सदस्यांपैकी एकानेही विरोधात मत दिलं की तो पडतो. हाच व्हेटो. मात्र स्थायी सदस्य तटस्थ राहिला तर व्हेटो होत नाही.

दोन खरे ठराव शेजारी ठेवून पाहा. मार्च २०११ मध्ये लिबियावरचा ठराव १९७३ दहा मतांनी संमत झाला. रशिया आणि चीन तटस्थ होते, सोबत भारत, जर्मनी आणि ब्राझील. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरच्या मसुद्याला त्याहून एक जास्त, म्हणजे ११ मतं मिळाली. चीन, भारत आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ. विरोधात एकच मत होतं, पण ते रशियाचं. मसुदा पडला. सुरक्षा परिषदेत बसणार असाल तर स्थायी सदस्याला मनवणं जमलं नाही, तरी त्याला तटस्थ ठेवता येईल का, यावर अनमॉडमधला (जागेवरून उठून मोकळेपणी बोलायच्या कॉकसमधला) वेळ घालवा.

आणि स्थायी सदस्यांच्या प्रतिनिधींनो, कॉकसच्या मोशनवर व्हेटो नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २७ व्या कलमानुसार कामकाजाच्या प्रश्नांवर तो लागूच होत नाही.

आमसभेचं गणित वेगळं. महत्त्वाच्या विषयांना दोन-तृतीयांश मतं लागतात, पण ती हजर राहून मत देणाऱ्यांची. तटस्थ राहिलेले त्यात धरत नाहीत. २ मार्च २०२२ च्या युक्रेनवरच्या ठरावाला बाजूने १४१, विरोधात ५ आणि तटस्थ ३५ अशी मतं पडली. इथे दोन-तृतीयांश काढायचे ते १४६ चे.

समितीला नसलेले अधिकार मसुद्यात लिहिणं

डायसेक (निःशस्त्रीकरण आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेची समिती) ही आमसभेची पहिली समिती आहे. तिच्या मसुद्यात 'निर्बंध लादते' असं वाक्य आलं की जाणकार चेअर तिथेच पेन ठेवतात. आमसभा शिफारस करते, आवाहन करते. सदस्य देशांवर निर्बंध बंधनकारक करणं हे सुरक्षा परिषदेचं काम. कलमं लिहिण्याआधी आपल्या समितीचे अधिकार वाचून घ्या.

सिग्नेटरी, म्हणजे मसुद्यावर सही करणारा, व्हायला घाबरू नका. सही म्हणजे पाठिंबा नव्हे. 'या मसुद्यावर चर्चा व्हावी' एवढाच तिचा अर्थ. स्पॉन्सरला, म्हणजे मसुदा मांडणाऱ्याला, मात्र त्याचा बचाव करावा लागतो.

एका परिषदेचे नियम दुसरीकडे नेणं

द हेगमधल्या थायमुन या मॉडेल यूएन परिषदेच्या पद्धतीत आणि आपल्याकडे चालणाऱ्या अमेरिकी धाटणीच्या पद्धतीत बराच फरक आहे. थायमुनमध्ये मॉड नसतो. लोकसभेची किंवा सर्वपक्षीय बैठकीची नक्कल करणारी समिती असेल तर आणखी वेगळं. सर्वपक्षीय बैठक कायदा करू शकत नाही, हे तिथे बसणाऱ्यांनी आधी समजून घ्यावं. आयोजक नियमपुस्तिका पाठवतात, ती छापून सोबत ठेवा. पॉइंटने भाषण मध्येच थांबवता येतं का, चर्चा बंद करायला किती मतं लागतात, स्वतःचा उल्लेख 'मी' असा चालतो का, या तीन जागांवर खूण करा. 'मी' निघून गेलं म्हणून भाषण थांबवू नका. खऱ्या राजदूतांच्या भाषणांतही ते असतं.

मतदान सुरू झाल्यावरची धांदल

मतदान जाहीर झालं की चिठ्ठ्या, कुजबुज, ये-जा सगळं बंद. त्यानंतर फक्त मतदान कसं घेतलं जातंय याबद्दलच हरकत घेता येते. आमसभेत मताचं स्पष्टीकरण देता येतं, पण ज्याने ठराव मांडला त्याला स्वतःच्याच ठरावावर ते देता येत नाही. काही राहून गेलं असेल तर स्पॉन्सरने ते चर्चा बंद होण्याआधीच बोलून घ्यावं.