एनएफएल ड्राफ्टमधल्या आपल्या संघाच्या निवडी कशा जोखाव्यात

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. नवे खेळाडू संघांनी निवडून घेण्याच्या तिच्या ड्राफ्टचा पहिला राउंड एप्रिलअखेरच्या एका गुरुवारी अमेरिकेत रात्री आठला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला. तो संपेपर्यंत पुण्यातल्या चाहत्याला ऑफिसला उशीर झालेला असतो आणि न्यू जर्सीतल्या त्याच्या मावसभावाची झोप उडालेली असते. पण तेवढ्यात दोघांनीही आपापल्या संघाचा निकाल लावलेला असतो: एक तर निवडी करणारा मॅनेजर महाबुद्धिमान, नाहीतर त्याला ताबडतोब हाकला.

असे निकाल किती टिकतात? १९९९ साली फिलाडेल्फिया ईगल्सने दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) डोनोव्हन मॅकनॅबला घेतलं, तेव्हा खास बस करून न्यूयॉर्कला आलेल्या ईगल्सच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. त्यांना रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) रिकी विल्यम्स हवा होता. मॅकनॅबने पुढे संघाला पाच वेळा एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत आणि एकदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्स सेंट्सने त्या वर्षीचे आपले सगळे पिक (निवडीचे क्रमांक) आणि पुढच्या वर्षीचे आणखी दोन देऊन टाकले, त्या मोसमात सोळापैकी तीन सामने जिंकले, आणि कोच माइक डिटका यांची नोकरी गेली. गंमत म्हणजे विल्यम्स वाईट खेळाडू मुळीच नव्हता. २००२मध्ये मायामीकडून खेळताना लीगमध्ये सर्वाधिक रशिंग यार्ड (चेंडू घेऊन धावत कापलेलं अंतर) त्याचेच होते. सेंट्स चुकले ते माणूस निवडण्यात नाही, त्याच्यासाठी मोजलेल्या किमतीत. ड्राफ्ट जोखताना गुण खेळाडूला नव्हे, व्यवहाराला द्यायचे असतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी दोन ओळी. इथे बोली लागत नाही. मागच्या मोसमात सर्वांत वाईट खेळलेला संघ पहिला निवडतो, विजेता सर्वांत शेवटी. असे सात राउंड, तीन दिवस, सुमारे अडीचशे खेळाडू. खेळाडूला संघ निवडता येत नाही. पण संघांना आपले क्रमांक एकमेकांना देता-घेता येतात, अगदी पुढच्या वर्षांचेसुद्धा. म्हणून पिक हे इथलं चलन आहे.

पायरी १: ड्राफ्टच्या आधी लिहून ठेवा

एक वही किंवा एक्सेल शीट पुरे. संघाच्या कोणत्या जागा आज रिकाम्या आहेत ते सगळेच लिहितात. तुम्ही पुढच्या दोन वर्षांत कुठल्या रिकाम्या होणार तेही लिहा. कोणाचं वय तिशीपुढे गेलंय, कोणाचा करार संपतोय. ड्राफ्टमधला खेळाडू चार वर्षांच्या करारावर येतो, त्यामुळे चांगला मॅनेजर बऱ्याचदा या सप्टेंबरसाठी नाही, त्याच्या पुढच्या सप्टेंबरसाठी निवडत असतो. चाहत्यांचा आणि मॅनेजरचा निम्मा वाद या कॅलेंडरवरूनच होतो.

मग त्या क्रमांकावर तुम्हाला चालतील अशी तीन-चार नावं लिहा. एकच नाव लिहिलंत तर ते दुसऱ्याने उचलल्यावर उरलेला सगळा ड्राफ्ट तुम्हाला वाईटच दिसेल.

पायरी २: क्रमांकाची किंमत काढा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, जिमी जॉन्सन कोच असताना, डॅलस काउबॉईजने प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा एक तक्ता केला. पहिल्या क्रमांकाला ३,०००, दुसऱ्याला २,६००, तिसऱ्याला २,२००, दहाव्याला १,३०० आणि पहिल्या राउंडच्या शेवटच्या, म्हणजे बत्तिसाव्या क्रमांकाला ५९०. आज त्याहून नवे तक्ते निघाले आहेत आणि ते वरच्या क्रमांकांना इतकं डोक्यावर घेत नाहीत. पण ट्रेड, म्हणजे क्रमांकांची देवाणघेवाण, तोलायला हा जुना तक्ता अजून कामाचा आहे.

तो २०१७च्या ड्राफ्टवर लावून बघा. शिकागो बेअर्स तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर गेले, क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्कीसाठी. एक पायरी चढायला त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला आपला तिसरा क्रमांक, शिवाय ६७वा, १११वा आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या राउंडचा पिक दिला. तक्त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात ४०० गुणांचा फरक आहे. ६७व्याचे २५५, १११व्याचे ७२, वर पुढच्या वर्षीचा पिक. म्हणजे भाव ठीकच होता, कोणी कोणाला लुटलं नाही. प्रश्न वेगळाच आहे: चढायची गरज होती का? सॅन फ्रान्सिस्कोने नंतर तिसऱ्यावर क्वार्टरबॅक घेतलाच नाही. बेअर्सना भीती होती ती दुसरा कोणीतरी मधे घुसेल याची. त्या भीतीची किंमत म्हणून सोडलेल्या ६७व्या क्रमांकावर, आणखी एका ट्रेडनंतर, सेंट्सने पुढे गाजलेला रनिंग बॅक ॲल्विन कमारा याला घेतलं.

त्याच रात्री कॅन्सस सिटी चीफ्स २७व्यावरून दहाव्यावर आले. बफेलोला २७वा, तिसऱ्या राउंडचा एक आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक दिला, आणि पुढे लीगचा सर्वांत मोठा तारा झालेला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला घेतलं. ट्रुबिस्कीपेक्षा आठ क्रमांक खाली.

किमतीचा दुसरा भाग पगाराचा. २०१०चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर ठरले. पुढच्याच वर्षी नवा कामगार करार झाला, नवोदितांच्या पगाराला वेसण बसली, आणि २०११चा पहिला पिक कॅम न्यूटन चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाखांत आला. तेव्हापासून चांगला तरुण क्वार्टरबॅक ही लीगमधली सर्वांत स्वस्त वस्तू झाली आहे, कारण त्याच्यावर न गेलेला पैसा उरलेल्या संघावर खर्च करता येतो. क्वार्टरबॅकसाठी संघ एवढे वेडे का होतात, हे यावरून कळतं.

पायरी ३: जागेचं मोल बघा, पण त्याला देव करू नका

क्वार्टरबॅक, एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा), लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा), वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा), कॉर्नरबॅक (त्या रिसीव्हरला रोखणारा) या महाग जागा. बाजारात तयार खेळाडू घ्यायचा तर प्रचंड पैसा लागतो, म्हणून त्या ड्राफ्टमधून भरणं फायद्याचं. रनिंग बॅक किंवा बचावातला मधला लाइनबॅकर तुलनेने स्वस्तात मिळतो, म्हणून तो पहिल्या राउंडात घेतला की अभ्यासू चाहते कपाळाला हात लावतात.

२०२३मध्ये डेट्रॉइट लायन्सने नेमकं हेच केलं. बाराव्या क्रमांकावर रनिंग बॅक जमीर गिब्ज, अठराव्यावर लाइनबॅकर जॅक कॅम्पबेल. टीकाकार तुटून पडले. दुसऱ्या राउंडात त्यांनी टाइट एंड (अडवणारा आणि चेंडू झेलणाराही) सॅम लापोर्टा आणि बचावातला ब्रायन ब्रँच घेतले, आणि त्या मोसमात लायन्स १९९१नंतर पहिल्यांदा एनएफसीच्या अंतिम सामन्यात पोचले. टीकाकारांचं तत्त्व खोटं ठरलं असं मी म्हणणार नाही. रनिंग बॅकवर बारावा पिक अजूनही महागच आहे. पण चौघंही पहिल्याच वर्षी मैदानात उतरून कामाला आले, तर थोडी जास्त किंमत परवडते. म्हणून शीटमध्ये जागेच्या मोलाचा एक रकाना ठेवा. एकच.

पायरी ४: त्या क्षणी समोर कोण होतं ते नोंदवा

पाच वर्षांनी 'आपण अमक्याला सोडलं' असं म्हणणं सोपं असतं. न्याय्य तुलना एवढीच: तुमच्या संघाची निवड आणि त्याच संघाची पुढची पाळी येईपर्यंत त्याच जागेवर खेळणारे जे दुसरे निवडले गेले, ते. त्यांची नावं रात्रीच लिहून ठेवा, म्हणजे नंतर सोयीची नावं घुसडता येत नाहीत.

टॉम ब्रेडीचं उदाहरण या बाबतीत फार दिशाभूल करतं. तो २००० साली १९९व्या क्रमांकावर गेला आणि सात सुपर बोल जिंकला, म्हणून बाकीचे सगळे संघ मूर्ख असं सांगितलं जातं. अहो, न्यू इंग्लंड पेट्रियट्सने स्वतः त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी सहा खेळाडू घेतले होते. त्यांना तो इतका मोठा होणार हे ठाऊक असतं, तर ते सहाव्या राउंडपर्यंत थांबले असते का?

केड मॅसी आणि नोबेलविजेते रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा अभ्यास केला, तेव्हा एकाच जागेवर लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता निघाली सुमारे ५२ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी. यातून दोन गोष्टी सुचतात. खाली सरकून जास्त पिक गोळा करणाऱ्या मॅनेजरला तुमच्या शीटमध्ये जरा जास्त गुण मिळायला हवेत. आणि 'हाच खेळाडू हवा' म्हणून भविष्य गहाण टाकणाऱ्याला कमी, मग तो खेळाडू तुमचा कितीही आवडता असो.

पायरी ५: स्टॉपवॉच बाजूला ठेवा

फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे ड्राफ्टमध्ये उतरणाऱ्यांची शारीरिक चाचणी होते, तिथे ४० यार्डांची धाव मोजतात. २०१७मध्ये जॉन रॉसने ती ४.२२ सेकंदांत, तेव्हाच्या विक्रमी वेळेत काढली; सिनसिनाटीने त्याला नववा घेतला, महोम्सच्या एकच क्रमांक आधी, आणि तो कधी जमलाच नाही. उलट ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर २०१८मध्ये त्याच मैदानावर इतका ढेपाळला की तिसऱ्या राउंडपर्यंत घसरला. बाल्टिमोरने घेतल्यावर तोच टॅकल प्रो बोलमध्ये, म्हणजे मोसमातल्या निवडक सर्वोत्तमांच्या सामन्यात खेळला. आकडे वापरायचेच तर ते कॉलेजच्या सामन्यांत दिसलेल्या खेळाशी जुळतात का एवढंच बघा.

पायरी ६: दुसऱ्या दिवशीचे ग्रेड वाचा, उतरवून घेऊ नका

तज्ज्ञांचे ग्रेड शनिवार-रविवारी येऊ लागतात. २०१२मध्ये सिॲटल सीहॉक्सला अनेकांनी तळाचे ग्रेड दिले. त्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या राउंडात बॉबी वॅग्नर होता आणि तिसऱ्यात रसेल विल्सन. दोन मोसमांत सीहॉक्सने सुपर बोल ४३-८ असा जिंकला. तरी ग्रेड निरुपयोगी नाहीत. दहा जणांच्या याद्यांची सरासरी काढली की बाजाराचा भाव कळतो, आणि आपल्या संघाने तो खेळाडू भावापेक्षा किती आधी उचलला तेही.

पायरी ७: दोन गुण द्या, तीन वर्षांच्या अंतराने

पहिला गुण ड्राफ्टच्या आठवड्यात: किंमत, जागा, पर्याय, गरज. दुसरा तिसऱ्या मोसमानंतर: किती सामने सुरुवातीपासून खेळला, किती वेळ मैदानात होता, संघाला त्याचा करार वाढवावासा वाटला का. हे दोन रकाने मिसळायचे नाहीत.

ग्रीन बे पॅकर्सने २०२०मध्ये वर सरकून २६व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह घेतला. संघ नुकताच एनएफसीच्या अंतिम सामन्यात हरला होता, त्यांचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स अजून भरात होता, आणि त्या अख्ख्या ड्राफ्टमध्ये त्यांनी एकही वाइड रिसीव्हर घेतला नाही. रॉजर्सने पुढची दोन्ही वर्षं एमव्हीपी (मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू) पटकावलं. माझा पहिला गुण इथे दहापैकी चार. २०२३मध्ये लव्हने सूत्रं हाती घेतली आणि प्लेऑफमध्ये डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ हरवलं. दुसरा गुण आठ. चारचा आठ करायचा नाही. ते दोन वेगळ्या प्रश्नांचे गुण आहेत.

दुसरा गुण देताना संपूर्ण वर्षाची खेप एकत्र धरा. वॉशिंग्टनने २०१२मध्ये क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन (तिसरा) याच्यासाठी पहिल्या राउंडचे तीन आणि दुसऱ्याचा एक असे पिक मोजले, आणि गुडघ्याच्या दुखापतीने तो व्यवहार बुडाला. पण त्याच ड्राफ्टच्या चौथ्या राउंडात, १०२व्या क्रमांकावर, त्यांनी आणखी एक क्वार्टरबॅक, कर्क कझिन्स, घेतला होता. त्यानेच पुढे संघ चालवला. चौथ्या राउंडपासून खालच्या पिकांना एकेकटे गुण देऊच नका. २०२२चा अगदी शेवटचा, २६२वा पिक ब्रॉक पर्डी सुपर बोल खेळला, पण अशा क्रमांकाच्या बहुतेक खेळाडूंना ५३ जणांच्या अंतिम संघातसुद्धा जागा मिळत नाही.

पहिल्या राउंडच्या खेळाडूंबाबत दुसऱ्या गुणाची तारीख लीगच ठरवून देते. त्यांच्या करारात पाचव्या वर्षाचा पर्याय असतो आणि तो वापरायचा की नाही, हे संघाला तिसऱ्या मोसमानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत सांगावं लागतं. २०१७च्या खेपेची ती मुदत २०२०च्या मेमध्ये आली. बेअर्सने ट्रुबिस्कीचं पाचवं वर्ष नाकारलं. चीफ्सने महोम्सचं घेतलं, आणि जुलैमध्ये त्याचा करार आणखी दहा वर्षांनी वाढवला.